हातात वृत्तपत्र असताना रेडिओ किंवा वाहिनी: मालकी कशी तपासायची, अर्ज कोणत्या क्रमाने करायचा

जिल्ह्याच्या ठिकाणी दैनिक किंवा साप्ताहिक चालवणारे लोक या बाबतीत दोन उलट चुका करतात. काही जण “पेपरवाल्याला रेडिओ मिळत नाही” एवढं ऐकून गप्प बसतात. बाकीचे “आपल्याकडे तसा नियमच नाही” म्हणून पेपरच्याच नावाने अर्ज टाकतात, आणि मग तो भलत्याच कारणाने अडकतो.

वृत्तपत्राच्या मालकाने प्रसारणात उतरू नये अशी सरसकट मनाई भारतात आज नाही. ट्रायने, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये तशा मर्यादांच्या शिफारशी केल्या, एप्रिल २०२२ मध्ये नवं चर्चापत्र काढलं. पण त्यातून बंधनकारक नियम झालेला नाही. इंटरनेटवर वाचायला मिळतो तो एकाच मालकाकडे वृत्तपत्र आणि प्रसारण नको, असं सांगणारा अमेरिकेचा १९७५ चा नियम. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तो २०१७ मध्ये काढला, एप्रिल २०२१ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ते काढणं मान्य केलं. आपल्या अर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही, तरीही लोक तो छापून वकिलाकडे घेऊन जातात.

आपल्याकडे अर्ज अडतो तो वृत्तपत्रामुळे नव्हे, तर वृत्तपत्राभोवती उभ्या केलेल्या बाकीच्या पाट्यांमुळे: जाहिरात संस्था, शिक्षण संस्था, पक्षाचं पद. म्हणून सुरुवात अर्जापासून करू नका.

१. मालकीचा तक्ता मांडा

एक कोरा कागद घ्या. तुम्ही, पत्नी किंवा पती, भाऊ, मुलं यांच्यापैकी कोणाचाही हिस्सा किंवा पद असलेली प्रत्येक संस्था त्यावर उतरवा. रकाने पाच: संस्थेचं नाव, प्रकार (एकल मालकी, भागीदारी, एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, कंपनी, न्यास, सोसायटी), कोणाचा किती टक्के हिस्सा, संचालक किंवा विश्वस्त कोण, प्रत्यक्ष काम काय. बंद पडलेल्या पण कागदावर जिवंत असलेल्या कंपन्याही लिहा. नेमक्या त्याच पुढे निघतात.

हा तक्ता सीए आणि कंपनी सेक्रेटरी (सीएस) दोघांकडून तपासून घ्या. एकट्या सीएला विचारलं तर हिशेबाची बाजू पक्की होते, संचालकपदांची राहून जाते.

*तपासा:* ज्या भागधारक कंपनीच्या मागे दुसरी कंपनी आहे, तिथे थांबू नका. शेवटी जिवंत माणूस सापडेपर्यंत मागे जात राहा.

२. आधी वृत्तपत्राचे कागद दुरुस्त करा

१ मार्च २०२४ पासून वृत्तपत्रांची नोंदणी नव्या कायद्याखाली, म्हणजे २०२३ च्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियमाखाली होते. जुन्या आरएनआयच्या, म्हणजे वृत्तपत्र निबंधकांच्या, जागी आता प्रेस रजिस्ट्रार जनरल आहेत आणि काम प्रेस सेवा पोर्टलवर चालतं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर डिक्लेरेशन करण्याची जुनी पद्धत गेली.

इथे पाहायची गोष्ट एकच: नोंदणी प्रमाणपत्रावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे? कितीतरी साप्ताहिकं आजही वारलेल्या वडिलांच्या नावावर असतात आणि अंकावरची मुद्रक-प्रकाशकाची ओळ मात्र मुलाच्या नावाने छापली जाते. प्रमाणपत्र, अंकावरची ओळ, पॅन आणि जीएसटी या चारही ठिकाणी मालक एकच दिसला पाहिजे. फरक असेल तर आधी पोर्टलवर मालकीचा बदल करून घ्या, पुढचं नंतर.

*सावधान:* “नव्या कंपनीला रेडिओ घ्यायचाय, तर पेपरही तिच्यातच घालू” असा विचार या टप्प्यावर मनात येतो. घालू नका. कारण पाचव्या टप्प्यात येईल.

३. कोणत्या दारातून जायचं ते ठरवा

प्रसारण म्हणजे एकच परवाना नव्हे. दारं चार आहेत आणि प्रत्येक दाराची पात्रता वेगळी.

*खासगी एफएम.* इथे अर्जदार कंपनीच लागते. एकल मालकी किंवा भागीदारी चालत नाही. शिवाय वाटेल तेव्हा अर्ज करता येत नाही, लिलाव निघावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या ई-लिलावाला मंजुरी दिली. लातूर, चंद्रपूर आणि यवतमाळ त्या यादीत आहेत. त्या शहरांसाठी वार्षिक शुल्क जीएसटी वगळून ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के ठेवलं आहे. परवानगी १५ वर्षांची.

*उपग्रह वाहिनी.* नोव्हेंबर २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणं आणि तिथून खाली घेणं) मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनी किंवा एलएलपी अर्ज करू शकते. बातम्यांची वाहिनी आणि बातम्या नसलेली वाहिनी यांच्या अटींत मोठा फरक आहे, तो अर्ज लिहिण्यापूर्वीच ठरवायचा.

*केबलवरची स्थानिक वाहिनी.* पेपरवाल्यांना सर्वांत सोपं वाटणारं आणि सर्वांत जास्त चुका होणारं दार हेच. सरकारी भाषेत याला प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात आणि नोंदणी एमएसओच्या, म्हणजे केबलच्या जाळ्याच्या मुख्य चालकाच्या, नावावर होते, तुमच्या नव्हे. ३० नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक वाहिनीला १,००० रुपये शुल्क आहे. त्यावर स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला असला पाहिजे. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ असं लिहिलेलं दिसलं पाहिजे आणि प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावं लागतं. एका एमएसओवरचा कार्यक्रम तसाच दुसऱ्याकडे देता येत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या केबलवाल्याला पेन ड्राइव्हवर बुलेटिन पाठवण्याची सवय असेल तर ती सोडा.

*सामुदायिक रेडिओ.* कंपनी म्हणून चालवलेलं वृत्तपत्र इथे बसत नाही, कारण नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था अपात्र आहेत. एकटी व्यक्ती, राजकीय पक्ष आणि पक्षाच्या विद्यार्थी, महिला, कामगार अशा शाखाही अपात्र. न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी चालते, पण स्थानिक लोकांसाठी किमान ३ वर्षांचं काम दाखवावं लागतं. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांत तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मुभा आहे, आणि एक ना-नफा संस्था वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून जास्तीत जास्त ६ केंद्रं काढू शकते. पेपरच्या कार्यालयात गेल्या महिन्यात काढलेला न्यास तीन वर्षांच्या अटीतच पडतो. वर जाहिराती वसूल करणारा माणूस पेपरचाच असेल तर पुढच्या तपासणीतही प्रश्न उभे राहतात.

*तपासा:* एफएमवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं प्रसारित करता येतं, एवढंच. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, प्रवेशाची माहिती, सण-उत्सव, पाणी-वीज पुरवठ्याच्या सूचना, आपत्तीचा इशारा हे बातमीत मोडत नाही, ते चालतं. सकाळच्या अंकातले मथळे निवेदकाने वाचून दाखवायचे, हा बेत असेल तर तो आत्ताच रद्द करा. पेपरच्या बातमीदारांचा खर्च रेडिओवर वाटून घेण्याचा जो हिशेब बहुतेकांच्या मनात असतो, तो इथेच कोसळतो.

४. अपात्रतेच्या यादीशी तक्ता ताडून पाहा

पहिल्या टप्प्यातला कागद आता बाहेर काढा. सरकारच्या खासगी एफएमच्या ‘फेज थ्री’ धोरणात कोण अपात्र आहे याची लांबलचक यादी आहे, आणि त्यात वृत्तपत्र कुठेच नाही. आहेत ते असे:

— जाहिरात संस्था म्हणून काम करणारी, जाहिरात संस्थेशी संलग्न असलेली किंवा तिच्या ताब्यातली कंपनी.
— न्यास, सोसायटी किंवा ना-नफा संस्थेच्या ताब्यातली किंवा तिच्याशी संलग्न कंपनी.
— धार्मिक संस्थेशी किंवा राजकीय संघटनेशी जोडलेली कंपनी.
— त्याच शहरातल्या दुसऱ्या अर्जदाराची उपकंपनी, धारक (होल्डिंग) कंपनी किंवा त्याच व्यवस्थापनाखालची कंपनी.

पहिल्या ओळीवर जरा थांबा. जिल्ह्यातल्या बहुतेक वृत्तपत्रांच्या घरात एक जाहिरात संस्था असते. कधी ती भावाच्या नावावर असते, कधी पत्नीच्या. दुसऱ्या दैनिकांना जाहिराती द्यायच्या, कमिशन घ्यायचं, चार पैसे मिळवायचे. यात गैर काही नाही. पण अर्जदार कंपनीत त्याच माणसाचे भाग किंवा संचालकपद असेल तर अर्ज तिथेच संपतो. “ती फक्त जीएसटी नोंदणीपुरती आहे” हे उत्तर चालत नाही. जाहिरात संस्था खरोखर विकायची, बंद करायची किंवा त्या माणसाला अर्जदार कंपनीपासून पूर्ण वेगळं ठेवायचं, असे तीनच मार्ग आहेत. आणि ते लिलावाची सूचना निघण्याच्या आधी, कारण नंतर केलेली विक्री दिखाऊ वाटते.

दुसरी ओळ शिक्षण संस्थांची. घरात एखादी शाळा किंवा महाविद्यालय चालवणारं मंडळ असेल आणि त्या मंडळाने कंपनीत पैसे गुंतवले असतील, तर कंपनी बाद. विश्वस्त म्हणून बसलेली व्यक्ती कंपनीत भागधारक असेल तर त्या संबंधाचं स्वरूप काय, हे लेखी मत वकिलाकडून घ्या. वृत्तपत्रच विश्वस्त संस्थेच्या मालकीचं असेल तर त्या संस्थेला कंपनीची भागधारक बनवू नका.

चौथी ओळ भावाभावांच्या दोन कंपन्यांना लागते. एकाच शहरासाठी “दोन अर्ज टाकू, एक तरी लागेल” या हिशेबाने दोन्ही बाद होतात.

एका शहरात किती वाहिन्या घेता येतील यावरही मर्यादा आहे: त्या शहरातल्या एकूण वाहिन्यांच्या ४० टक्के, आणि शहरात किमान ३ वेगवेगळे चालक असलेच पाहिजेत. चार वाहिन्यांच्या शहरात ४० टक्के म्हणजे १.६, म्हणून एकच. देशभरातल्या एकूण वाहिन्यांवर असलेली १५ टक्क्यांची मर्यादा ऑक्टोबर २०२२ मध्ये काढून टाकली. जुने सल्लागार ती अजून सांगतात.

५. प्रसारणासाठी वेगळी कंपनी काढा

दुसऱ्या टप्प्यातल्या सावधगिरीचं कारण हे: परकीय गुंतवणुकीची मर्यादा माध्यमागणिक बदलते. बातम्या छापणाऱ्या वृत्तपत्रात २६ टक्के, बातम्यांच्या डिजिटल माध्यमात २६ टक्के, बातम्यांच्या वाहिनीत ४९ टक्के, एफएममध्ये ४९ टक्के, आणि या चारही ठिकाणी सरकारी मंजुरी लागते. बातम्या नसलेल्या वाहिनीत १०० टक्के, आपोआप मार्गाने, म्हणजे आधी सरकारी मंजुरी न घेता. एकाच कंपनीत पेपर, वेबसाइट आणि रेडिओ कोंबला की सगळ्या कंपनीला सर्वांत खालची, म्हणजे २६ टक्क्यांची मर्यादा लागते. आज परदेशी पैसा घ्यायचा नसेलही. पण अमेरिकेत किंवा दुबईत राहणारा पुतण्या पाच वर्षांनी भाग घ्यायला तयार झाला, तर तेव्हा कंपनी फोडणं महागात पडतं.

अनिवासी भारतीय नातेवाइकाचे पैसे “घरचेच” म्हणून साध्या बँक ट्रान्स्फरने कंपनीत घेतात, ही नेहमीची चूक. ते कोणत्या खात्यातून, परदेशात परत नेता येणारे की न नेता येणारे, यावर मोजणी बदलते. पैसे येण्याआधी सीएसला विचारा.

भाग वाटतानाही घाई नको. तीन भावांना ३३-३३-३३ टक्के देणं घरात न्याय्य दिसतं, पण एफएममध्ये एका भारतीय व्यक्तीकडे किंवा कंपनीकडे निम्म्याहून जास्त भाग आणि व्यवस्थापनाचा ताबा असावा लागतो. समान वाटे ठेवायचेच असतील तर कुटुंबाची एक धारक कंपनी काढून तिच्या नावावर बहुमत ठेवा आणि वाटे त्या कंपनीत करा. त्या धारक कंपनीत जाहिरात संस्थेचा माणूस शिरू देऊ नका, नाहीतर चौथा टप्पा पुन्हा सुरू.

बातम्यांच्या वाहिनीसाठी किमान तीन चतुर्थांश संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि संपादकीय जबाबदारीची माणसं निवासी भारतीय असावी लागतात.

*तपासा:* कंपनीच्या उद्देशपत्रिकेत प्रसारणाचा स्पष्ट उल्लेख आहे का? “मुद्रण, प्रकाशन व संबंधित व्यवसाय” एवढ्यावर भागत नाही.

६. नेटवर्थ मोजा, पण खरी

बातम्यांच्या पहिल्या वाहिनीला २० कोटी रुपये आणि पुढच्या प्रत्येक वाहिनीला ५ कोटी. बातम्या नसलेल्या पहिल्या वाहिनीला ५ कोटी, पुढच्या प्रत्येकीला अडीच कोटी. एफएमच्या ‘सी’ आणि ‘डी’ वर्गातल्या शहरांसाठी (३ ते १० लाख आणि १ ते ३ लाख लोकवस्ती) ऑक्टोबर २०२२ पासून १ कोटी. पूर्वी ते दीड कोटी होतं.

गोंधळ होतो तो आकड्यावर नव्हे, व्याख्येवर. नेटवर्थ म्हणजे भरणा झालेलं भागभांडवल, नफ्यातून साठलेली राखीव रक्कम आणि शेअर प्रीमियम, त्यातून साठलेला तोटा वजा. छापखान्याच्या जागेचं मूल्यांकन करून वाढवलेली किंमत त्यात धरत नाहीत. शिवाय छापखाना मालकाच्या वैयक्तिक नावावर असेल तर तो अर्जदार कंपनीच्या ताळेबंदात येतच नाही. संचालकांनी दिलेलं बिनव्याजी कर्ज हे कर्जच असतं; ते भागांत बदलल्याशिवाय मोजलं जात नाही. हा बदल अर्जाच्या आदल्या आठवड्यात करण्यापेक्षा आर्थिक वर्ष संपण्याआधी करा, म्हणजे लेखापरीक्षित ताळेबंदातच तो दिसेल.

७. नावाचा हक्क वेगळा घ्या

वृत्तपत्राचं टायटल मिळालं म्हणजे त्याच नावाची वाहिनी तुमची झाली, असं नाही. छापील मालासाठी ट्रेडमार्कचा वर्ग १६, प्रसारणासाठी ३८, कार्यक्रम निर्मितीसाठी ४१. बहुतेकांची नोंदणी फक्त १६ मध्ये असते. तिन्ही वर्गांत अर्ज करा, आणि तो कोणत्या कंपनीच्या नावे हे ठरवून करा. ट्रेडमार्क पेपरच्या मालकाकडे आणि वाहिनी कंपनीकडे असेल तर दोघांत लेखी वापर-करार हवा.

८. अर्जाचा क्रम

उपग्रह वाहिनीसाठी क्रम असा ठेवा:

(अ) संचालक, मोठे भागधारक आणि महत्त्वाच्या अधिकाऱ्यांची पूर्ण माहिती गोळा करा. गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी याच नावांवर होते. आधार, पॅन, पासपोर्ट यांवर नावाचं स्पेलिंग तिन्हीकडे वेगळं असेल तर मंजुरी आठवडेच्या आठवडे लांबते.
(आ) टेलिपोर्ट (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारं केंद्र) चालकाशी करार करा. स्वतःचा टेलिपोर्ट उभारायची गरज नसते.
(इ) ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज आणि प्रक्रिया शुल्क भरा.
(ई) गृह मंत्रालय आणि अंतराळ विभागाच्या मंजुऱ्या येईपर्यंत संचालक बदलू नका. एक नवं नाव आलं की सुरक्षा तपासणी त्या नावासाठी पुन्हा सुरू होते.
(उ) मंजुरीनंतर बँक हमी (बातम्यांच्या वाहिनीला २ कोटी, इतरांना १ कोटी) आणि वार्षिक शुल्क. भारतातून अपलिंक होणाऱ्या वाहिनीला अपलिंकिंगचे २ लाख आणि डाउनलिंकिंगचे ५ लाख.

स्टुडिओचं भाडं आणि कॅमेऱ्यांची खरेदी (ई) नंतर. उलट करणाऱ्यांचं मंजुरीची वाट पाहतानाच भांडवल संपतं, आणि मग नेटवर्थही घसरते.

सामुदायिक रेडिओत इरादापत्र, फ्रिक्वेन्सीची मंजुरी, मंत्रालयाशी परवानगी करार आणि वायरलेस परवाना यांनंतरच प्रक्षेपण सुरू करायचं. प्रक्षेपकाची प्रभावी ताकद सहसा १०० वॅट आणि अँटेनाची उंची ३० मीटर इथपर्यंतच. कार्यालयाच्या गच्चीवर आधीच चाळीस मीटरचा मनोरा असेल तर त्याच्या टोकाला अँटेना लावण्याचा मोह आवरा.

९. परवानगी मिळाल्यावर

इथून पुढे पेपर आणि प्रसारण यांच्या नोंदी सतत एकमेकांशी जुळत्या ठेवाव्या लागतात. एफएममध्ये प्रमुख भागधारकाचे भाग नव्या माणसाला द्यायचे तर मंत्रालयाची लेखी परवानगी लागते, आणि वाहिनी सुरू झाल्यापासून पहिली ३ वर्षं ती मिळत नाही. म्हणजे घरातली वाटणी होणारच असेल तर ती लिलावाआधी उरकून घ्या. संचालक बदलला तर कंपनी रजिस्ट्रारकडे कळवून थांबू नका, मंत्रालयालाही कळवा.

वृत्तपत्राचं वार्षिक विवरणपत्र प्रेस सेवा पोर्टलवर भरताना वाहिनीच्या अर्जात दिलेलीच मालकी तिथे आली पाहिजे. दोन्ही फाइल एकाच माणसाकडे द्या. पेपरचा व्यवस्थापक एक आणि वाहिनीचा सीएस दुसरा असेल, तर दरवर्षी विवरणपत्र भरण्याआधी दोघांनी पहिल्या टप्प्यातला तक्ता समोर ठेवून एकत्र बसावं.